स्क्र्याबिनचा सप्ताह

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मॉस्कोचा एक संगीतकार कोणत्याही नाट्यगृहात न मावणारी कलाकृती मनात घोळवत होता. ती हिमालयाच्या पायथ्याशी व्हायची होती आणि सात दिवस चालायची होती. तिच्यात वाद्यमेळ, गायकवृंद, नृत्य, रंगीत प्रकाश, धूप आणि सुगंध हे सगळे एकत्र येणार होते. ढगांना टांगलेल्या घंटा जगभरच्या माणसांना बोलावतील, असे तो मित्रांना सांगे. प्रेक्षक मात्र नव्हते. जो येईल त्याने भाग घ्यायचा. नुसते बसून ऐकायला कोणी यायचेच नाही. सातव्या दिवसाच्या अखेरीस जड जग विरघळून जाणार होते. या कलाकृतीचे नाव ‘मिस्तेरिया’ आणि संगीतकार अलेक्सांद्र निकोलायेविच स्क्र्याबिन. त्याच्याविषयी आपल्याकडे जे थोडेफार बोलले जाते ते दोन टोकांचे असते. एका मताप्रमाणे हा भारतीय संगीताने भारलेला रशियन, म्हणून आपल्याला अभिमानाचा. दुसऱ्या मताप्रमाणे भारताविषयी काहीबाही वाचून डोके फिरलेला हा माणूस, म्हणून त्याचे पियानोसंगीत तेवढे घ्यावे आणि बाकीचे सोडून द्यावे. मला दोन्ही मते अपुरी वाटतात. स्क्र्याबिनच्या स्वरांत भारत नाही. त्याच्या संगीताच्या हेतूत आहे. आणि ज्या गोष्टीसाठी त्याला हिमालय हवा होता, ती मराठी मुलखातल्या गावागावांत तेव्हाही दरवर्षी घडत होती.

आधी माणूस पाहू. स्क्र्याबिनचा जन्म मॉस्कोचा, आजच्या दिनदर्शिकेप्रमाणे ६ जानेवारी १८७२ चा. आई उत्तम पियानोवादक होती. तो वर्षाचा होता तेव्हाच ती क्षयाने गेली. वडील परराष्ट्र खात्याच्या नोकरीत दूर तुर्की मुलखात असत. मुलाला आत्याने आणि आजीने वाढवले. झ्वेरेव या कडक शिक्षकाकडे तो पियानो शिकला, तिथे सर्गेई रखमानिनोव त्याचा सहाध्यायी होता. पुढे मॉस्को कॉन्झर्व्हेटरीतून दोघेही १८९२ मध्ये सुवर्णपदके घेऊन बाहेर पडले. त्याआधी अवघड रचनांच्या अतिसरावाने स्क्र्याबिनचा उजवा हात दुखावला. बरे व्हायची खात्री नव्हती, तेव्हा त्याने एकट्या डाव्या हाताने वाजवायच्या दोन रचना लिहिल्या, त्या आजही वादकांची परीक्षा पाहतात. सुरुवातीचे त्याचे संगीत शोपँच्या वळणाचे, नाजूक आणि ओढ लावणारे आहे. प्रकाशक बेल्यायेव यांनी त्याला आधार दिला, काही वर्षे त्याने कॉन्झर्व्हेटरीत शिकवले आणि १९०४ मध्ये तो युरोपात राहायला गेला. इथपर्यंतच्या चरित्रात भारत कुठेच नाही. तरीही याच काळातल्या चौथ्या सोनाटात, म्हणजे १९०३ मध्ये, त्याची स्वरसंहती जुन्या चौकटीतून निसटू लागलेली दिसते. पुढे या तारखेला महत्त्व येणार आहे.

भारत त्याच्यापर्यंत पोचला तो पुस्तकांतून, आणि त्या वाटेवर गिरगाव लागते. थिऑसॉफिकल सोसायटीच्या संस्थापक, जन्माने रशियन असलेल्या मादाम ब्लाव्हाट्स्की १६ फेब्रुवारी १८७९ रोजी कर्नल ऑल्कॉट यांच्यासह मुंबईत उतरल्या. गिरगावात त्यांनी बिऱ्हाड केले, त्याच वर्षी ऑक्टोबरात ‘थिऑसॉफिस्ट’ मासिक मुंबईतून सुरू केले, आणि १८८२ च्या अखेरीस सोसायटीचे ठाणे मद्रासजवळच्या अड्यारला गेले. म्हणजे अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगमंचावर आले तेव्हा या बाईंचे बिऱ्हाड मुंबईतच होते. इथून त्यांनी मॉस्कोच्या एका प्रमुख दैनिकासाठी ‘राड्डा-बाई’ या टोपणनावाने लेखमाला पाठवली. तिचे पुढे ‘हिंदुस्थानच्या गुहा आणि अरण्ये’ अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक झाले. त्यात मुंबई आहे, कार्ल्याची लेणी आहेत, आणि इंग्रजी भाषांतराचे शेवटचे प्रकरण जबलपूरचे आहे. नर्मदेचे संगमरवरी कडे आणि ठगांच्या कथा एवढे त्या काळच्या परदेशी वाचकाला पुरत असे. नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली वीसेक वर्षे राहिलेले, बडा फुहारा चौकाभोवती सराफ आणि कापडवाल्यांच्या पेढ्या वाढवत गेलेले खरे शहर तशा वाचकाला कुठून दिसणार? याच पुस्तकात पोकळ बांबूंमधून वाहणाऱ्या वाऱ्याने आपोआप वाजणाऱ्या एका वाद्यमेळाचे वर्णन आहे. पुस्तक प्रवासवर्णनापेक्षा कादंबरीकडे झुकलेले आहे, पात्रे रंगवलेली आहेत, आणि भारत म्हणजे गूढ विद्येचा साठा हे गृहीत पानोपानी आहे. ब्लाव्हाट्स्कींच्या सुमारे चारशे वर्षे आधी अफानासी निकितिन हा त्वेरचा व्यापारी चौलला उतरून जुन्नरला पावसाळ्यात अडकला होता. त्याने आपल्या टिपणात चिखल, घोडा, पिके आणि लोकांचे पेहराव लिहून ठेवले. त्या साध्या टिपणात जितका महाराष्ट्र आहे तितका ब्लाव्हाट्स्कींच्या रंगीत पुस्तकात नाही.

स्क्र्याबिनच्या हाती १९०५ मध्ये पॅरिसमध्ये ब्लाव्हाट्स्कींचे थिऑसॉफीची ओळख करून देणारे पुस्तक फ्रेंच भाषांतरात आले. आपल्या विचारांशी ते किती जुळते हे त्याने लगेच आपली सहचरी तात्याना श्लोत्सर हिला पत्रातून कळवले. पुढे त्यांचा ‘गुप्त सिद्धान्त’ हा मोठा ग्रंथही त्याने वाचला. मन्वंतर, प्रलय, मानवजातीच्या सात अवस्था ही कल्पनांची सामग्री त्याला तिथून मिळाली. ब्रुसेल्सला तो थिऑसॉफिस्टांच्या वर्तुळात वावरू लागला. तिथला चित्रकार झाँ देलव्हिल याने ‘प्रॉमिथिअस’च्या छापील स्वरलिपीचे मुखपृष्ठ काढले. हे ‘अग्निकाव्य’ १९१० मध्ये पुरे झाले आणि मार्च १९११ मध्ये कुसेवित्स्कीच्या संचालनाखाली मॉस्कोत सादर झाले. पियानोवर स्वतः स्क्र्याबिन होता. मोठा वाद्यमेळ, ऑर्गन, शब्दांशिवाय गाणारा गायकवृंद, आणि स्वरलिपीच्या सर्वांत वरच्या ओळीत प्रकाशासाठी लिहिलेला वेगळा भाग, अशी त्याची मांडणी आहे. वीसेक मिनिटांच्या या रचनेत मिस्तेरियाची बहुतेक सगळी बीजे आहेत.

स्क्र्याबिनच्या स्वरांत भारत नाही, या म्हणण्यावरचा पहिला आक्षेप आता पाहू, कारण तो मोहात पाडणारा आहे. ‘प्रॉमिथिअस’ ज्या सहा स्वरांच्या संहतीतून उगवते, तिला पुढे ‘गूढ संहती’ हे नाव पडले. पेटीवर पांढरी एकचा सा धरला तर खालून वर ते स्वर असे येतात: सा, तीव्र मध्यम, कोमल निषाद, मग वरचे गंधार आणि धैवत, आणि त्याहून वर ऋषभ. ओळीने लावले तर सा, रे, ग, तीव्र म, ध, कोमल नि. कर्नाटक पद्धतीच्या ७२ मेळांपैकी चौसष्टावा, वाचस्पती, त्याचा पंचम गाळला की नेमके हेच स्वर उरतात. मग स्क्र्याबिनने भारतीय राग घेतला असे का म्हणू नये? कारण स्वरांची यादी म्हणजे राग नव्हे, हे आपल्याकडे शिकाऊ विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. रागाला अचल षड्ज लागतो. तानपुरा तो सतत धरून असतो, आणि इतर प्रत्येक स्वराला त्याच्या नात्याने अर्थ येतो. स्क्र्याबिन नेमका हाच षड्ज काढून घेतो. त्याची संहती क्षणोक्षणी दुसऱ्या पट्टीवर सरकते, सहाही स्वर एकदम उभे राहतात, आणि कान कशालाही घर मानू शकत नाही. शिवाय ती पियानोच्या समान अंतराच्या बारा स्वरांत बांधलेली आहे. तिथे श्रुती नाही, मींड नाही, आंदोलन नाही. तिचे कूळ शोधायला भारतात यावे लागत नाही. शोपँ, लिस्ट आणि वाग्नर यांनी ताणत नेलेली युरोपीय संहती पुढे ढकलली की माणूस तिथे पोचतो, आणि चौथा सोनाटा दाखवतो की स्क्र्याबिन थिऑसॉफी वाचण्यापूर्वीच त्या वाटेला लागला होता. काळाचा एक योगायोग इथे नोंदवण्याजोगा आहे. विष्णु नारायण भातखंडे यांच्या ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चा मराठीतला पहिला भाग १९१० मध्ये मुंबईत निघाला, त्याच वर्षी ‘प्रॉमिथिअस’ पुरे झाले. भातखंड्यांनी उत्तरेकडचे राग ज्या दहा थाटांत बसवले, त्यांपैकी एकाही थाटात स्क्र्याबिनचा हा स्वरसमूह बसत नाही.

दुसरा आक्षेप रंगांचा. स्क्र्याबिन स्वरांना रंग देत असे, आणि आपल्याकडे शार्ङ्गदेवाने देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने तेराव्या शतकात लिहिलेल्या ‘संगीतरत्नाकरा’त सात स्वरांचे रंग सांगितले आहेत. मग हा धागा जुळतोच की, असे कोणी म्हणेल. पण दोन्ही योजना शेजारी ठेवल्या तर धागा तुटतो. शार्ङ्गदेवाचा षड्ज कमळाच्या रंगाचा, ऋषभ पिंगट, गंधार सोनेरी, मध्यम कुंदाच्या फुलासारखा शुभ्र, पंचम काळा, धैवत पिवळा आणि निषाद संमिश्र रंगाचा. इथे रंग स्वराला, म्हणजे षड्जाशी असलेल्या त्याच्या नात्याला दिलेला आहे. गायकाची पट्टी कोणतीही असो. त्याच ओळीत स्वरांची दैवते, ऋषी, छंद आणि रस येतात. ही सगळी एका मोठ्या विश्वकल्पनेतली जुळणी आहे. स्क्र्याबिनचे रंग पट्टीला आहेत. पांढरी एक लाल, तिचा पंचम नारिंगी, त्या स्वराचा पंचम पिवळा, त्याचाही पंचम हिरवा, अशी पंचमांच्या साखळीने तो इंद्रधनुष्याची वाट चालतो. युरोपीय स्वरचक्राचे गणित त्यामागे स्वच्छ दिसते. मॉस्कोच्या पहिल्या प्रयोगात प्रकाशाचे यंत्र नव्हतेच. रंगांसह ‘प्रॉमिथिअस’ प्रथम झाले ते २० मार्च १९१५ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये, आणि ते पाहायला स्क्र्याबिन तिथे नव्हता.

स्वरांत नाही, रंगांत नाही. मग भारत आहे कुठे? उत्तराआधी त्याच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. रिम्स्की-कोर्साकोवच्या ‘साद्को’ या ऑपेरात भारतीय पाहुण्याचे गाणे आहे. वळसे घेत उतरणारी ती सुरावट जगभर गाजली, आणि तिच्यात भारतीय असे काहीही नाही. पूर्वेकडचे म्हणून जे काही युरोपला गोड लागत होते ते आहे. स्क्र्याबिनने असे एकही ‘भारतीय’ गाणे लिहिले नाही. एकाही रचनेला भारताचे नाव दिले नाही. देशाचे चित्र काढायला, मसाल्यासारखा सूर भुरभुरायला तो तयार नव्हता. त्याला भारत हवा होता तो एका कृतीसाठी. ऐकणारा आणि वाजवणारा यांच्यातली भिंत पाडायची, आणि संगीत ऐकायची वस्तू न राहता करायचा विधी व्हावा, ही त्याची खरी मागणी होती. तिकीट काढून खुर्चीत बसलेला, शेवटी टाळ्या वाजवून घरी जाणारा श्रोता त्याला सहन होत नव्हता. रंगमंच आणि प्रेक्षागार वेगळे करणारी दिव्यांची रांगच त्याला संगीताचा अपमान वाटे. युरोपात असा विधी उरलेला नाही, तो पूर्वेकडे असेल, अशी त्याची समजूत होती. ती अर्धी खरी होती.

इथे जाणकार म्हणतात की मिस्तेरिया हे निव्वळ वेड; त्याला गंभीरपणे घेऊन सोनाटांवर अन्याय करू नये. १९०४-०५ च्या त्याच्या वह्यांत मीच देव आहे अशा अर्थाची वाक्ये सापडतात, हे खरे. पण कल्पना बाजूला काढून संगीत तेवढे ठेवायचे म्हटले तर ते जमत नाही. सहावा ते दहावा हे पाच सोनाटे १९११ ते १९१३ या काळातले आहेत, आणि मिस्तेरिया डोक्यात असतानाच ते लिहिले गेले. सातव्याला तो ‘शुभ्र मिस्सा’ म्हणे, म्हणजे ती त्याच्या लेखी पूजाच होती. या पाचही सोनाटांत सुरुवात, मध्य, शेवट अशी गोष्ट सांगण्याची युरोपीय सवय विरळ होत जाते. एकच स्वरसमूह घेऊन तो त्याच्याभोवती फिरतो, आवाहन करतो, पुन्हा करतो, आणि आवाहनाची तीव्रता वाढवत नेतो. ‘प्रॉमिथिअस’च्या शेवटी तरी एक स्वच्छ, सुखावणारी मेजर संहती येते, या सोनाटांत तेही घर उरत नाही. विधीची कल्पना नसती तर त्याने संहती कदाचित अशाच घडवल्या असत्या, पण त्यांना असे फिरते, समोरच्याला ओढून घेणारे रूप दिले नसते, असे मला वाटते. म्हणून मिस्तेरियाकडे त्याच्या संगीताचा आराखडा म्हणून पाहिले पाहिजे.

आता आपल्याकडचा विधी पाहा. अखंड हरिनाम सप्ताह सात दिवसांचा असतो. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचे पारायण, गाथ्यावरचे भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि पुढे जागर. रात्रंदिवस कोणीतरी गात असते. वीणा खाली ठेवायची नाही, पहाऱ्याप्रमाणे ती एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. टाळकरी गावातलेच असतात, पखवाज वाजवणारा बहुधा शेजारच्या गावचा. कीर्तनकार अभंग सांगतो, पण धृपद सगळे उचलतात, आणि ज्याला काहीच येत नाही तो टाळी धरतो. इथे श्रोता म्हणून वेगळी जागा नाही. आषाढीच्या वाटेवर हे आणखी मोठे होते. आळंदी-देहूहून पंढरपूरपर्यंत चालणाऱ्या दिंड्यांत गाणारा कोण आणि ऐकणारा कोण हे सांगता येत नाही. मराठी मुलखाच्या बाहेरही हे दिसते. नवरात्रात जबलपूरच्या बडा फुहारा, कमानिया गेट, सराफा या भागात सुनरहाई-नुनहाईच्या देवींसाठी जी गर्दी लोटते, तिच्यात प्रेक्षक आणि सहभागी अशी वाटणी करू पाहणारा फसेल. आरती सुरू झाली की सगळेच हात जोडतात आणि सगळेच गातात. सुगंध, दिवे, घंटा, नाद, अंगाची हालचाल, सात-नऊ दिवसांचा काळ या स्क्र्याबिनच्या यादीतल्या वस्तू इथे एकेक करून हजर आहेत. त्याने हिमालयाचा पायथा निवडला, कारण त्याच्या पुस्तकांत अध्यात्म तिथे राहत होते. ब्लाव्हाट्स्की गिरगावात राहिल्या, कार्ल्याला गेल्या. पण त्यांनी जगाला सांगितला तो गुहांमधला, निवडक योग्यांनी जपलेला, कुलुपात ठेवलेला भारत. भर चौकात, कोणालाही न अडवता, टाळ वाजवत चाललेला भारत त्या गूढविद्येच्या दुकानात विकण्यासारखा नव्हता.

यावर कोणी म्हणेल की तुलना ओढूनताणून आहे. सप्ताहात कलाकृती घडवायचा हेतू नसतो, विठ्ठल असतो, आणि स्क्र्याबिनच्या केंद्रस्थानी स्क्र्याबिनच होता. आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच तुलना उपयोगी पडते, कारण तिच्यातून त्याचा सप्ताह का झाला नाही हे कळते. आपला सप्ताह काल्याच्या कीर्तनाने संपतो, महाप्रसाद होतो, लोक शेताकडे परततात, आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा बसतो. वारी दरवर्षी आहे. नर्मदेची परिक्रमा जिथे उचलली तिथेच पुरी होते. परंपरेचे तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवस चालून माणूस मूळ घाटावर परत येतो. पुराणांतला प्रलयसुद्धा पुढच्या सृष्टीआधीचा असतो, आणि ब्लाव्हाट्स्कींनीही चक्रच सांगितले होते. स्क्र्याबिनला चक्र माहीत होते, पण त्याची सगळी नजर शेवटावर खिळली होती. त्याचा विधी एकदाच व्हायचा होता, आणि त्यानंतर तो करायला कोणी उरायचेच नव्हते. जो विधी पुन्हा होणार नाही त्याची तालीम होत नाही, तो आईकडून मुलाकडे जात नाही, त्यात चूक सुधारता येत नाही. एका माणसाने त्याचा प्रत्येक क्षण आधी लिहून काढावा लागतो. प्रेक्षक नाहीसे करायला निघालेला स्क्र्याबिन असा सगळ्यांच्या वाटचे एकटाच रचत बसला. सहभागाचे स्वप्न आणि युरोपीय रचनाकाराचा एकाधिकार या दोन गोष्टी त्याच्यात शेवटपर्यंत भांडत राहिल्या. पुढे त्याने मिस्तेरियाच्या आधीचा एक लहान ‘पूर्वविधी’ हाती घेतला. त्याचे लांबलचक काव्य १९१४ मध्ये तयार झाले, संगीताची मात्र काही डझन पानांची कच्ची टिपणेच झाली. त्यांत बाराही स्वर एकदम वाजवणाऱ्या संहती आहेत.

आणि मग खरा भारत त्याच्या दाराशी आला. बडोद्याचे इनायत खाँ १९१३ मध्ये आपले भाऊबंद आणि पत्नीसह मॉस्कोला पोचले. मौला बख्श हे त्यांचे आजोबा. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८८६ मध्ये त्यांनी बडोद्यात गायनशाळा काढली होती, आणि त्या मराठी दरबाराच्या संगीतातच इनायत खाँ वाढले. वीणा वाजवणारा, गाणारा, सूफी विचार सांगणारा हा तरुण आधी तिथल्या एका रात्रीच्या करमणुकीच्या ठिकाणी गात होता, मग त्याला खरे चाहते मिळाले. लिओ टॉलस्टॉयचे चिरंजीव सर्गेई टॉलस्टॉय त्यांत होते. दिग्दर्शक ताइरोवचे नवे कामेर्नी थिएटर १९१४ च्या अखेरीस कालिदासाच्या ‘शाकुंतला’ने उघडले, भाषांतर बालमोंत या कवीचे होते, आणि संगीतासाठी इनायत खाँच्या चिजांचा आधार घेतला होता. पुण्याच्या ‘शाकुंतला’नंतर चौतीस वर्षांनी मॉस्कोतही शकुंतलेला हिंदुस्थानी सूर मिळाला, ही गोष्ट आपल्या नाट्यइतिहासात अधिक ठळकपणे यायला हवी. इनायत खाँ आणि स्क्र्याबिन यांची भेट झाली. इनायत खाँनी आपल्या आठवणींत त्याला विचारवंत आणि गूढवादी म्हटले आहे. पाश्चात्त्य संगीतावर तो असमाधानी होता आणि पूर्वेकडचे काही त्यात कसे आणावे या विचारात होता, असे त्यांनी लिहिले आहे. हा पुरावा मोलाचा आहे. चाळिशी ओलांडलेला, स्वतःची संहती सिद्ध झालेला संगीतकार अजून विचारतच होता, म्हणजे तोवर त्याच्या संगीतात भारतीय संगीत आलेले नव्हते, हे त्याला स्वतःला ठाऊक होते.

त्या भेटीतून काही निघाले असते का? अचल षड्जाचे संगीत आणि षड्जच काढून टाकणारे संगीत यांचा मेळ सोपा नव्हता, आणि तानपुऱ्यासमोर बसल्यावर स्क्र्याबिनला आपली वाट उलटी चालावी लागली असती. तरी तयारी होती. १९१४ च्या मार्चमध्ये तो लंडनला गेला, तिथल्या थिऑसॉफिस्टांना भेटला. भारताच्या प्रवासासाठी त्याने उन्हाची टोपी घेतली आणि संस्कृतचे व्याकरण जवळ केले, असे त्याच्या निकटवर्तीयांनी लिहून ठेवले आहे. त्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि वाटा बंद झाल्या. पुढच्या वसंतात वरच्या ओठावर फोड आला, विष रक्तात भिनले, आणि २७ एप्रिल १९१५ रोजी त्रेचाळिसाव्या वर्षी मॉस्कोत त्याचा अंत झाला. प्रतिजैविके तेव्हा नव्हती. जुना सहाध्यायी रखमानिनोव त्याच्या कुटुंबाच्या मदतीसाठी गावोगावी केवळ स्क्र्याबिनच्या रचना वाजवत फिरला. ‘पूर्वविधी’ची टिपणे पुढे अलेक्सांद्र नेमतिन यांनी १९७० पासून सुमारे पाव शतक खपून अडीच तासांच्या तीन भागांत उभी केली. तो प्रयत्न प्रामाणिक आहे, पण त्यात स्क्र्याबिन किती आणि नेमतिन किती हे ठरवणे कठीण आहे. त्यामुळे स्क्र्याबिनची ओळख तिथून करून घेऊ नये.

मराठी वाचकाने सुरुवात आठव्या क्रमांकाच्या संचातल्या बाराव्या एत्यूदने करावी. शोपँ आवडत असेल तर तो लगेच भिडेल. मग चौथा सोनाटा, त्यानंतर १९०७ चा पाचवा, आणि मग ‘प्रॉमिथिअस’. शेवटी १९१४ मधली ‘ज्वालेकडे’ ही सहा मिनिटांची पियानोरचना ऐकावी. तिच्यात फारसे काही घडत नाही, एकच लहानसा सूर पुन्हा पुन्हा उचलला जातो आणि तापत जातो. भजनाची लय चढताना ज्याने ऐकली आहे त्याला ती समजावून सांगावी लागणार नाही. रागाची अपेक्षा ठेवून मात्र तिच्याकडे जाऊ नये. तिला षड्ज नाही.